अपूर्ण गेम इंजिनवर नवा खेळ सुरू करावा का? सल्ला हवा आहे

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)
नमस्कार. आम्ही दोघे मित्र शाळकरी मुलांसाठी शब्दांचा एक खेळ तयार करत आहोत. आमच्या गल्लीतली मुले दोन्ही लिप्या वाचतच मोठी होतात, म्हणून तो मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत हवा आहे. सध्याचा नमुना गोडो ४ या गेम इंजिनमध्ये, म्हणजे खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मित्राला रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा उत्तम येते, त्यामुळे सगळा खेळ बेव्ही या रस्टमधल्या इंजिनवर नव्याने लिहावा असे तो म्हणतो. मात्र बेव्हीची १.० म्हणजे पहिली पक्की आवृत्ती अजून आलेली नाही, आणि आम्हाला जूनपर्यंत खेळ मुलांच्या हाती द्यायचा आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (निपाणी)
मी एकदा अपूर्ण इंजिन घेतले आहे आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही, पण त्यामागचे कारण आधी सांगतो. २०२२ मध्ये आमचे काम गोडो ३ वर चालले होते. त्यात ‘कित्तूर’ लिहिले की ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी येण्याऐवजी नंतर लटकत असे, आणि जोडाक्षर फुटून पाय मोडलेला ‘त्’ सुटा दिसत असे. कन्नडमधल्या ओत्तक्षरांचीही (अक्षराला जोडून लिहिल्या जाणाऱ्या जोडव्यंजनांचीही) तीच गत होती. शेवटी आम्ही प्रत्येक शब्दाचे चित्र करून वापरले, त्यामुळे एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला तरी चित्र नव्याने काढावे लागे. गोडो ४ मध्ये भारतीय लिप्यांची अक्षरजुळणी नीट होणार हे दिसल्यावर आम्ही त्याची बीटा, म्हणजे चाचणीसाठीची अपूर्ण आवृत्तीच उचलली. पक्की ४.० आवृत्ती १ मार्च २०२३ रोजी आली. तोवर आवृत्ती बदलली की काय तुटले ते शोधण्यात आमच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. तरीही पहिल्यांदा ‘कित्तूर’ पडद्यावर अखंड उमटले, तेव्हा मला फार समाधान वाटले.

तुमची ही गरज गोडो ४ आजच भागवते. बेव्हीचे निर्माते स्वतःच सांगतात की साधारण दर तीन महिन्यांनी येणाऱ्या आवृत्तीत जुना कोड मोडणारे बदल असतात. शिवाय त्याला गोडोसारखा स्वतःचा दृश्य संपादक (कोड न लिहिता पडदा मांडण्याची सोय) नाही, म्हणजे तुम्हाला रस्ट येत नसेल तर पडद्यावरचे एक बटण हलवण्यासाठीसुद्धा मित्राची वाट पाहावी लागेल. जूनची मुदत असताना माझे मत स्पष्टपणे ‘नको’ असेच आहे.

उत्तर (उद्यमबाग)
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र पूर्ण झालेले इंजिन म्हणजे निर्धास्त असेही समजू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या दुसऱ्या गेम इंजिनच्या कंपनीने खेळाच्या इन्स्टॉलेशनच्या संख्येवर शुल्क जाहीर केले आणि वर्षभराने ते मागे घेतले. मधल्या काळात छोट्या गटांना भवितव्याची चिंता लागून राहिली होती. गोडो आणि बेव्ही या दोघांचाही कोड खुला असल्याने ती भीती इथे नाही. आमच्या लेथच्या कारखान्यात नवे मशीन आले की पहिला महिना त्यावर ऑर्डरचा माल चढवत नाहीत, फक्त नमुन्याचे तुकडे काढतात. मित्राची इच्छा मोडू नका. बेव्हीची एकच आवृत्ती पक्की धरून त्याने एक पडदा करावा, त्यावर दोन्ही लिप्यांतले अवघड शब्द मांडावेत आणि घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर तो चालवून पाहावा.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. जूनचा खेळ गोडो ४ वरच पूर्ण करतो. मित्र रविवारपासून बेव्हीवर एक पडदा करून पाहणार आहे, आणि पहिला शब्द ‘कित्तूर’च घेणार आहे.