कॉलेजात नास्तिकांचा कट्टा जमवतेय, माणसं टिकत नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी जिल्ह्याच्या गावी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. देव मानत नाही. त्यात विशेष काही नाही, पण आमच्याकडे गणपतीपासून दिवाळीपर्यंत होस्टेलची सगळी मजा आरतीभोवतीच. वर्गणीचे दोनशे रुपये देते, मोदकही खाते. आरतीला मात्र मागे उभी राहून नुसते ओठ हलवते. तीन गणपती असे काढल्यावर वाटलं, असे ओठ हलवणारे आणखी असतील. शोधले. निघाले!

फेब्रुवारीत कॅन्टीनमागच्या कडुनिंबाखाली पहिल्यांदा बसलो तेव्हा चौदा जण होतो. एकाने सांगितलं, आजीच्या दहाव्याला मुंडण करणार नाही म्हटलं म्हणून काका अजून बोलत नाहीत. सगळे चुपचाप ऐकत होते. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या वेळी एक मुलगी तिच्या रूममेटला घेऊन आली. त्या दिवशी नेमकी संकष्टी. रूममेटच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी. आमच्यातले एक महाशय डब्यात डोकावून म्हणाले, "गणपतीला कळतं का गं, साबुदाणा खाल्ला की भात?" हशा पिकला. (मीही हसले, खोटं का बोला.) तिने झाकण लावलं आणि उठली. तिला घेऊन आलेलीही गेली. तिसऱ्या वेळी पाच जण, त्यातले तिघे यूट्यूबवर ऐकलेले मुद्दे आमच्यावर चालवून बघायला आलेले.

मला वादविवाद मंडळ नको आहे. घरच्या सत्यनारायणाला बसायचं की नाही, रजिस्टर लग्नाचं आईबाबांना कसं सांगायचं, कोणी गेलं तर 'देवाची इच्छा' न म्हणता जवळ कसं बसायचं, हे बोलायला जागा हवी आहे.

अडचणी आणखीही आहेत. अधिकृत मंडळ करायचं तर एका प्राध्यापकांची सही लागते. एक सर तयार आहेत, पण म्हणतात, 'विज्ञान मंडळ' लिहा, 'नास्तिक' असलेल्या कागदावर सही करणार नाही. एक मुस्लिम मुलगा ग्रुपवर येतच नाही, मला एकटीला मेसेज करतो. स्क्रीनशॉट घरी पोचला तर शिक्षण बंद होईल, ही भीती. एका बौद्ध मित्राने विचारलं, "देव मी मानत नाहीच, पण बुद्धवंदना म्हणतो. मी तुमच्यात की बाहेर?" मला उत्तर देता आलं नाही. आणि आईचं एकच पालुपद: दाभोलकरांचं काय झालं, विसरलीस का?

नाव काय ठेवू? आणि माणसं परत कशी आणू?

प्रतिसाद १
सरांचं ऐक. नावावर अडून बसलीस तर तिथेच वर्ष जाईल. अर्जात संविधानातलं कलम ५१ क लिही. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे त्यात नागरिकाचं कर्तव्य म्हणून दिलंय, त्याला नाही म्हणणं प्राचार्यांना जड जाईल. काही कॉलेजांत अंनिसची (अंधश्रद्धा निर्मूलन समितीची) विवेक वाहिनी, म्हणजे विद्यार्थ्यांचा गट, असते, जवळपास आहे का बघ. आणि नुसतं बोलत बसू नका, हाताला काम द्या. आमच्या वेळी 'होळी लहान करा, पोळी दान करा' म्हणत घरोघर पोळ्या गोळा करायचो. त्यात उपास करणाऱ्या मुलीही असायच्या, कोणी कोणाला देवाबद्दल विचारलं नाही. बौद्ध मित्राला आत की बाहेर हे ठरवणारी तू कोण? तो आला म्हणजे आत.

प्रतिसाद २
उत्साहात कॉलेजच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात 'निधर्मी' लिहायची मोहीम काढाल म्हणून आधीच सांगतो. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय की सरकार कोणाला धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही. हक्क आहे. पण अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश धर्माशी बांधलेला आहे. आधी हिंदू, १९५६ ला शीख, १९९० ला बौद्ध त्यात आले. ज्यांची सवलत जातीच्या दाखल्यावर आहे त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय रकान्याला हात लावू नये. खुल्या गटातल्यांना ही गंमत परवडते.

प्रतिसाद ३
देव न मानायला मंडळ कशाला लागतं? मी तीस वर्षं नास्तिक आहे, कधी कट्टा लागला नाही.

धागाकर्ती
काका, तुम्ही संध्याकाळी आपल्या घरी जाता. मी जाते त्या मजल्यावर साडेसातला घंटा वाजते आणि न येणाऱ्या खोलीचं दार ठोठावतात. म्हणून लागतं.

बाकी दोघांचे आभार. फॉर्मचं खरंच डोक्यात होतं, रद्द. नाव 'विवेक कट्टा' लिहून दिलं, सरांनी सही केली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बंद करून टाकला. दर शुक्रवारी पाच वाजता, झाडाखाली, हजेरी नाही, फोटो नाही. मुस्लिम मित्र म्हणाला, असं असेल तर बघतो.

काल खिचडीवालीच्या खोलीवर जाऊन माफी मागितली. येते म्हणाली, पण डब्यात डोकावणारा तो नसेल तेव्हाच. आता त्याला कसं सांगू ते सुचवा. बसायची सतरंजी त्याची आहे.