'नॅनो' हळदीच्या गोळ्या : कण खरंच रक्तात जातात का?

सांगलीकर : गुडघेदुखीसाठी आईला कोणीतरी नॅनो कुरकुमीन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य अतिसूक्ष्म कणांत, सुचवलंय. डबीवर छापलंय, 'कण थेट रक्तात'. माझ्या मते ही शुद्ध फसवणूक आहे. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या आमच्या हळदीच्या नावावर असं विकलेलं मला सहन होत नाही. आतड्याच्या आत चिकट श्लेष्माचा थर असतो. तो सतत नवा होतो आणि अडकलेले कण घेऊन पुढे सरकतो. त्याखालच्या पेशी इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की शंभर नॅनोमीटरचा (मिलिमीटरचा दहा हजारावा भाग) कण फटीतून जाणं अशक्य. कण आत ओढणाऱ्या 'एम' पेशी आहेत, पण शंभरात एकही भरत नाही.

कराडचा फार्मासिस्ट : सरसकट फसवणूक म्हणू नका. कण अख्खा आत जायलाच हवा असं कुठंय? ॲप्रेपिटंट हे उलट्या रोखणारं औषध 2003 पासून नॅनो आकारात दळून मिळतंय. कण बारीक झाला की पृष्ठभाग वाढतो, औषध लवकर विरघळतं आणि सुटे रेणू पेशींतून पार होतात. कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्याला हाच उपाय लागू पडतो.

सांगलीकर : मग डबीवर तेच छापा की! शिवाय आत गेलेलं कुरकुमीन आतड्याची भिंत आणि यकृत लगेच रूपांतरित करून टाकतात. तिथं बारीक दळून काय उपयोग?

मिरजेची लेक : दादा, डबीचा राग संशोधनावर काढू नका. माझे वडील रोज इन्सुलिन टोचून घेतात. पोटात गेलं तर ते आम्लात आणि पाचकरसात तुटतं. कणात बंद केलं तर टिकू शकतं. कणावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचा दाट लेप दिला तर श्लेष्मात अडकणंही कमी होतं. यावर काम व्हायलाच हवं.

सांगलीकर : व्हावं की, ताई. पण प्राण्यांवरचं यश माणसात उतरलेलं दिसत नाही. 2019 साली सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधाची गोळी आली, तीही नॅनोकणांविना. शोषण वाढवणाऱ्या एका क्षारासोबत ती जठरातूनच शोषली जाते, आणि रक्तात पोहोचतं जेमतेम 1 टक्का.

कराडचा फार्मासिस्ट : आणि त्या 1 टक्क्यावर साखर उतरते! शोषण कमी असलं तरी पुरेसं ठरू शकतं. ते असो, आईंच्या गोळीत मिरीचं पायपरीन आहे का बघा. त्यानं दुसऱ्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. हळदीच्या अशा गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत.

सांगलीकर : आहे, पायपरीन आहे. आईची रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे. डबी बंद करून ठेवली, उद्या डॉक्टरांना दाखवतो. 'थेट रक्तात'बद्दल मात्र माझं मत तेच.