व्हर्टस जीटीला १७ इंची रिम आणि २२५ चे टायर: मी घातले, ज्यांना पटत नाही त्यांनी बोलावं

राजारामपुरी_८वी

गाडी फोक्सवॅगनची सेडान व्हर्टस जीटी, १.५ लिटरचं टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन, डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स. ताकद १५० पीएस, टॉर्क (फिरवण्याचा जोर) २५० एनएम, आणि हा सगळा जोर पुढच्या दोन चाकांवर. कंपनीचा साइज २०५/५५ आर१६ (रुंदी २०५ मिमी, साइडवॉल म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची). दिवाळीत पहिला सेट झिजला तेव्हा २२५/४५ आर१७ घातले, रिम साडेसात जे, म्हणजे साडेसात इंच रुंद. तेव्हापासून घरी, गल्लीत, टायरच्या दुकानात एकच ऐकतोय: "कोल्हापूरच्या रस्त्यांना हे चालायचं नाही." मला ते पटत नाही.

आधी हिशोब. जुन्या चाकाचा बाहेरचा व्यास ६३१.९ मिमी, नव्याचा ६३४.३. अर्धा टक्कासुद्धा फरक नाही. स्पीडोमीटर तोच आकडा दाखवतो, एबीएसला काही कळत नाही, गिअरचं गणित जागच्या जागी. कमी झाली ती साइडवॉल, ११२.८ वरून १०१.३. साडेअकरा मिमी.

फायदा फोंडा घाटात कळतो. दाजीपूर मागे टाकून खाली उतरताना आधी स्टिअरिंग वळवलं की टायर एका अंगाला दबायचा आणि मग गाडी वळायची. आता हात फिरला की नाक फिरतं. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला की आतलं चाक मोकळं फिरायचं, तेही बरंच कमी झालंय. इतकी ताकद असलेल्या गाडीला टायरमध्ये कंजुषी करणं मला चुकीचं वाटतं.

अलाइनमेंट_काका

भावा, व्यास बरोबर काढलास, पण अर्धं गणित राहिलं. ईटी, म्हणजे रिमच्या मध्यापासून बोल्ट लागतात त्या पृष्ठभागाचं अंतर, किती? जुन्या रिमपेक्षा नवी एक इंच रुंद असेल आणि ईटी तोच असेल, तर पावणेतेरा मिमी आत जाते, तेवढीच बाहेर येते. आत स्ट्रटला (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याला) किती जागा उरली ते बोट घालून बघितलंस का? ईटी दहाने कमी घेतला असशील तर चाक दहा मिमी आणखी बाहेर, मग स्टिअरिंग खड्ड्यागणिक हातात ओढतं आणि व्हील बेअरिंगवर जादा भार येतो. लोक म्हणतात "स्टिअरिंग जिवंत झालं". बऱ्याचदा ते ओढणंच असतं.

दुसरं, हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग. या गाडीचा ५x१०० (पाच बोल्ट, १०० मिमीच्या वर्तुळावर), मधलं भोक ५७.१ मिमी. बाजारातल्या बहुतेक रिमना भोक मोठं असतं, त्यात रिंग बसवावी लागते. माझ्याकडे महिन्याला दोन-तीन गाड्या येतात, नव्वद-शंभरला स्टिअरिंग थरथरतं म्हणून. तीन ठिकाणी बॅलन्सिंग करून आलेल्या असतात. चाक काढलं की रिंगच नसते. उद्यमनगरात कुठल्याही लेथवर ॲल्युमिनियमची रिंग करून मिळते, पण मापात पाव मिमीचाही ढिलेपणा नको. आणि स्पेसर (चाक बाहेर आणायची चकती) घालून जुनेच बोल्ट लावणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. बोल्टचे आटे किती आत जातात यावर चाक टिकतं की निघतं ते ठरतं.

राजारामपुरी_८वी

काका, स्पेसर नाही. रिंग लेथवरच करून घेतली, ५७.१ ला घट्ट बसते. स्ट्रटपाशी आठ मिमी मोकळी जागा मोजली. गाडीत पाच माणसं आणि डिकी भरून जोतिबाला जाऊन आलोय, कुठे घासलं नाही.

घाटातली_ताई

मी आठवड्यातून दोनदा कोल्हापूर ते रत्नागिरी करते, आंबा घाटातून, बाराही महिने. गाडी सेडानच, तुमच्यापेक्षा कमी ताकदीची. मला या चर्चेत पावसाचं नाव कोणीच घेतलेलं दिसत नाही.

रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकतं, असं सगळे धरून चालतात. टेकणारं क्षेत्र मुख्यतः गाडीचं वजन आणि हवेचा दाब यांवर ठरतं. टायर रुंद केलात की तो ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. कोरड्या वळणात त्याचा फायदा आहे, नाकारत नाही. पण पाण्यात आडव्या ठशाला जास्त रुंदीचं पाणी बाजूला सारावं लागतं आणि त्यासाठी वेळ कमी मिळतो. म्हणून रुंद टायर कमी वेगाला तरंगायला लागतो.

मलकापूरच्या पुढे जुलैत कसं पाणी साचतं ते बघितलंय ना? दोन वर्षांपूर्वी तिथे माझ्या हातातलं स्टिअरिंग एकदम हलकं झालं होतं. सत्तरचा वेग, टायरची नक्षी तीन मिमीच्या आसपास. ब्रेकला पाय लावला नाही, स्टिअरिंग सरळ धरलं, आणि गाडी पुन्हा टेकली. तो एक सेकंद मी विसरलेले नाही. कायद्याने नक्षी १.६ मिमीपर्यंत चालते, मी तीनला टायर बदलते. आपला पाऊस चार महिने असतो, तुमचा घाटातला आनंद महिन्यातून एक रविवार.

राजारामपुरी_८वी

ताई, तुमचा अनुभव खोटा म्हणणार नाही. पण तुम्हीच सांगितलंत की नक्षी तीन मिमी होती. माझं म्हणणं, रुंदीच्या वीस मिमीपेक्षा नक्षीची खोली, तिची रचना आणि हवेचा दाब हे पावसात जास्त बोलतात. चांगल्या रबराचा नवा २२५ हा झिजलेल्या २०५ पेक्षा पाण्यात कधीही बरा.

घाटातली_ताई

नवा २२५ आणि झिजलेला २०५ ही तुलनाच बरोबर नाही. त्याच रबराचा, तेवढाच नवा २०५ शेजारी ठेवा आणि मग सांगा.

मोल्डिंगवाला

मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, ॲल्युमिनियम कास्टिंगमध्ये वीस वर्षं गेली. टायरवर सगळे बोलताय, रिमवर कोणीच नाही.

ओतीव रिम बहुतेक ए३५६ मिश्रधातूची असते. ओतून झाल्यावर तिला टी६ उष्णोपचार देतात: पाचशेच्या वर तापवायची, पाण्यात विझवायची, मग दीडशेच्या आसपास काही तास मुरवायची. या प्रक्रियेत धातूत बारीक कण तयार होतात आणि ताकद येते. ओतताना धातूत वायू राहिला तर आत बारीक पोकळ्या राहतात, रंगाखाली त्या दिसत नाहीत, एक्स-रेमध्ये दिसतात. स्वस्त रिम घेताना तुम्ही नेमकी ही तपासणी सोडून देता.

आता तुमचे साडेअकरा मिमी. खड्ड्याच्या काठाचा दणका आधी टायरची हवा आणि साइडवॉल झेलते. ती पुरी दबली की उरलेलं रिमच्या कडेला. ऊस सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी कडा तुटलेले रस्ते आपण रोज बघतो, त्यावर रात्री समोरून लाइट आला की खड्डा दिसतच नाही. आणि कड वाकली की लोक काय करतात? गॅसवर तापवून ठोकतात, चीर गेली तर वेल्डिंग मारून पॉलिश करतात. दिसायला नव्यासारखी होते. पण तिथला टी६ गेला. शेजारचा भाग कडक आणि हा मऊ, पुढची चीर तिथूनच जाणार. माझ्या मेव्हण्याची वेल्ड केलेली रिम कागलजवळ हायवेवर फुटली. गाडी दुभाजकाला घासून थांबली, माणसं वाचली. कोणी कितीही खात्री दिली तरी वेल्ड केलेली रिम घालू नका, हे मी हात जोडून सांगतो.

तुमच्या चाकाचं वजन केलंत का?

राजारामपुरी_८वी

केलं. रिम-टायर मिळून जुनं १८.६ किलो, नवं २०.९.

मोल्डिंगवाला

म्हणजे चाकामागे २.३ किलो, तेही स्प्रिंगच्या खालचं आणि बरंचसं परिघाकडचं. सस्पेन्शनला ते प्रत्येक खड्ड्यात जाणवतं, इंजिनाला प्रत्येक सिग्नलला.

शाहूपुरी_गॅरेज

रुंदीच हवी होती तर १६ वरच २२५/५० होतं. व्यास ६३१.४, साइडवॉल ११२.५, म्हणजे कंपनीच्या जवळपास तेवढीच. रिम तीच, ईटी तोच, हबची कटकट नाही. साइज शोधावा लागतो, मला पुण्याहून मागवावा लागला. वर्षभर वापरतोय. वळणात तुमच्या १७ इतकं टणक वाटणार नाही, पण पकड मिळते आणि कावळा नाक्याच्या खड्ड्यांत छाती धडधडत नाही. १७ लोक दिसण्यासाठी घालतात. दिसण्याची हौस असायला हरकत नाही, फक्त तसं म्हणावं.

राजारामपुरी_८वी

दिसण्यासाठीही घातले, मान्य. पण २२५/५० तेवढ्याच उंचीच्या साइडवॉलवर उभा, म्हणजे दबणं तसंच राहणार. मला तेच नको होतं.

टाऊनहॉल_वकील

एक बाब कोणी काढली नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए(४) खाली बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टायर बदलला म्हणून कोणी लगेच पकडत नाही, पण अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिलं चाक बघतो. रिमचं बिल जपा, आणि बदल विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. टायरचा लोड इंडेक्स कंपनीच्या ९१ पेक्षा, म्हणजे टायरमागे ६१५ किलोपेक्षा, खाली जाता कामा नये.

राजारामपुरी_८वी

लोड इंडेक्स ९४ आहे. विम्याचं पत्र सोमवारी टाकतो, ते राहिलं होतं.

१७ काढणार नाही. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत जुन्या १६ वर नवे २०५ चढवायचे ठरवलंय. ताईंच्या मलकापूरच्या प्रसंगावर घरी बराच वेळ बोलणं झालं, बायको आणि मुलगी त्याच रस्त्याने माहेरी जातात.

घाटातली_ताई

चांगलं केलंत. १७ बद्दल माझं मत तेच आहे, मे महिन्यातही वळवाचा पाऊस होतो.

अलाइनमेंट_काका

सेट बदललास की पन्नास किमी चालव आणि बोल्ट पुन्हा तपासायला ये. १२० एनएम, टॉर्क रेंचनेच. पान्याला पाइप लावून आवळायचे नाहीत. आणि १७ ची लेथवरची रिंग काढून डब्यात नाव लिहून ठेव, पावसाळ्यानंतर हमखास सापडत नाही.