मेला आणि परतला, म्हणून तो ख्रिस्त? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

तळटीप

'मर्मभेदी' यांच्या परवाच्या लेखाचे सार सांगायचे तर असे: लोकप्रिय अद्भुतकथांमध्ये सर्वत्र ख्रिस्तच वेषांतर करून वावरतो, सी. एस. लुईस यांच्या नार्निया पुस्तकांतला सिंह ॲस्लान ख्रिस्त, टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला, मरून शुभ्र वस्त्रांत परतलेला जादूगार गँडाल्फ ख्रिस्त, जंगलात मरणाला सामोरा गेलेला हॅरी पॉटरही ख्रिस्त, आणि हे ज्याला दिसत नाही, त्याने स्वतःला वाचक म्हणवून घेऊ नये. हे शेवटचे वाक्य नसते, तर मी उत्तर लिहिण्याच्या भानगडीत पडलो नसतो.

मरून परत येणे एवढाच निकष लावायचा असेल, तर मग इजिप्तचा प्राचीन देव ओसायरिसही ख्रिस्तच म्हणावा लागेल. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी १८९० साली 'द गोल्डन बाऊ'मध्ये मरून परतणाऱ्या देवांची रासच मांडून ठेवली आहे, आणि त्यातले कितीतरी देव ख्रिस्ताहून जुने आहेत. गँडाल्फचेच घ्या. टोल्किन यांनी १९४६ सालच्या एका पत्रात त्याची तुलना नॉर्स पुराणातल्या भटक्या ओडिन देवाशी केली आहे. त्याच टोल्किन यांनी १९५३ साली जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातल्या एका मित्राला असेही लिहिले, की 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही मुळातच धार्मिक आणि कॅथलिक कलाकृती आहे. आधी नकळत तशी झाली आणि पुनर्लेखनात जाणीवपूर्वक. दोन्ही पत्रे खरी असतील, तर ते कॅथलिकपण गँडाल्फच्या पांढऱ्या झग्यात शोधण्यात अर्थ नाही.

माझ्या मते ते अग्निपर्वताच्या कड्यावर आहे. दुष्ट अंगठी आगीत टाकून नष्ट करायला तिथवर पोचलेला नायक फ्रोडो ऐन क्षणी हरतो, ती टाकायला नकार देतो आणि ती आपली म्हणून बोटात घालतो. त्या अंगठीच्या हव्यासाने पछाडलेला गॉलम ते बोट चावून तोडतो आणि अंगठीसकट खाली कोसळतो, म्हणून जग वाचते. गॉलम तिथवर जिवंत पोचला, कारण आधी, फ्रोडोपूर्वी अंगठी बाळगणाऱ्या बिल्बोने आणि मग फ्रोडोने, मारणे शक्य आणि शहाणपणाचे असतानाही, त्याच्यावर दया केली होती. नायक स्वतःच्या बळावर तरत नाही, पूर्वी केलेली दया त्याला तारते. ही श्रद्धा पात्रांच्या पेहरावात नसून कथेच्या कार्यकारणभावात मुरलेली आहे. अंगठी नष्ट होते ती तारीख २५ मार्च, म्हणजे देवदूताने मरीयेला शुभवार्ता कळवली तो दिवस. पण ही तारीख माहीत नसलेल्या वाचकाचे त्या कड्यावर काहीही अडत नाही.

लुईस यांची गोष्ट निराळी आहे. मात्र ॲस्लानला रूपक म्हणायला त्यांचाही नकार होता. त्यांची भूमिका 'समजा' अशी होती: समजा, नार्नियासारखे जग खरोखर असते आणि ख्रिस्ताला तिथे देह धारण करावा लागला असता, तर तो कोणत्या रूपात आला असता? 'अमुक म्हणजे तमुक' अशी यादी करून हा प्रश्न सुटत नाही.

रोखठोक

तळटीप यांनी फार सुंदर लिहिले आहे, आणि मूळ मुद्द्याला शिताफीने बगल दिली आहे. लुईस यांनी १९५६ सालच्या लेखात स्वतःच सांगितले आहे, की धर्माभोवती पहारा देणाऱ्या ड्रॅगनांना चुकवून श्रद्धेचा आशय मुलांच्या मनापर्यंत नेणे परीकथेला साधते. पहारेकऱ्याला चुकवून आत शिरणाऱ्याला आपण काय म्हणतो? आठ वर्षांच्या मुलाला आपण धर्मशिक्षण घेत आहोत हे कळूच नये, अशी ज्याची योजना आहे, तो प्रचार होय. त्याला 'समजा' म्हटल्याने तो कमी प्रचारकी होत नाही.

तळटीप

त्याच लेखात त्यांनी हेही सांगितले आहे, की सुरुवात काही चित्रांपासून झाली: छत्री घेतलेला फॉन (अर्धा माणूस, अर्धा बकरा), स्लेजवर बसलेली राणी, एक भव्य सिंह, त्यांत ख्रिस्ती असे आरंभी काहीच नव्हते आणि तो भाग नंतर आपसूक आत शिरला. लेख अर्धाच वाचायचा असेल, तर माझ्या वाट्याला आलेला अर्धा मला अधिक आवडतो.

आडवाट

या चर्चेत चर्चमध्ये वाढलेला बहुधा मी एकटाच आहे, म्हणून लिहितो. धर्म नकळत पाजला जातो, ही रोखठोक यांची भीती मला गंमतीची वाटते, कारण माझ्या बाबतीत नेमके उलटे घडले. नऊ वर्षांचा असताना मी 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' हे नार्नियाचे पुस्तक वाचले. शिळामंचावर ॲस्लानला मारले, दोघी बहिणी रात्रभर त्याच्यापाशी बसल्या आणि उंदीर दोऱ्या कुरतडू लागले, तेव्हाच मी पुस्तक मिटून आईला सांगितले, की हा उजाडल्यावर उठणार आहे. प्रेताजवळ बायका, पहाटेची वेळ, हे सगळे मला पाठ होते. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांना हे ठाऊक नव्हते, ती ढसाढसा रडली आणि मग आनंदाने ओरडली. त्या पहाटेचे आश्चर्य मला कधीच मिळाले नाही, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते. तेव्हा प्रतीक न ओळखणारा वाचकच नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी कृपया माझ्याकडे पाहावे. ओळखल्यामुळे मी नुकसानीत गेलो.

दुसरा प्रसंग कडू आहे. आमच्या प्रार्थनासभेतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी माझ्या हातातले हॅरी पॉटरचे पुस्तक जादूटोण्याचे म्हणून काढून घेतले. ते मला परत मिळाले नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या अलामोगोर्डो येथे डिसेंबर २००१ मध्ये तर एका चर्चने ती पुस्तके जाळली होती. पुढे २००७ साली मालिकेचा शेवटचा भाग आला. त्यात हॅरी आईवडिलांच्या थडग्यापाशी येतो आणि दगडावर कोरलेली ओळ वाचतो: नष्ट व्हावयाचा शेवटचा शत्रू म्हणजे मृत्यू. बायबलमधले करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १५, वचन २६. हॅरीला ते वचन ठाऊक नाही. तो दचकतो, त्याला ते मृत्यूपासून पळणाऱ्या शत्रूपक्षाचेच तत्त्वज्ञान वाटते, आणि त्याची मैत्रीण हर्मायनीला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो. मला मात्र ते घडाघडा येत होते, कारण पुस्तक काढून घेणाऱ्या त्याच गृहस्थांनी ते माझ्याकडून पाठ करून घेतले होते.

रोखठोक

आडवाट यांचा अनुभव हृद्य आहे, परंतु एका मुलाला शेवट आधी कळला म्हणून लेखकाचा हेतू बदलत नाही. शिवाय सिंह हे प्रतीक निवडण्यातही काही अपघात नाही. बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात ख्रिस्ताला यहूदा वंशाचा सिंहच म्हटले आहे.

आडवाट

आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात सैतानाला गर्जणारा सिंह म्हटले आहे. एकाच ग्रंथात सिंह दोन्हीकडचा असेल, तर नुसता सिंह दिसल्याबरोबर निकाल देऊ नये, एवढेच तळटीप सांगत आहेत असे मला वाटते.

पानगळ

आपण सर्व पुरुषमंडळी सिंहाच्या आयाळीत इतकी गुंतली आहात, की सुझनचे, म्हणजे त्या दोघी बहिणींपैकी थोरलीचे, नाव एकदाही निघालेले नाही. हा मुद्दा मी आजवर ज्या-ज्या चर्चेत मांडला, तिथे मला 'हे अवांतर आहे' असे सांगण्यात आले. येथे तसे सांगण्यापूर्वी कृपया शेवटपर्यंत वाचावे.

'द लास्ट बॅटल' या १९५६ सालच्या अखेरच्या भागात सगळे जुने सवंगडी एकत्र जमतात, आणि सुझन मात्र नसते. ती आता नार्नियाची मैत्रीण राहिलेली नाही, तिला केवळ नायलॉनचे मोजे, लिपस्टिक आणि आमंत्रणे यांतच रस आहे, असे सांगून दोन-चार वाक्यांत तिचा विषय संपवला जातो. मी हे तेराव्या वर्षी वाचले. त्याच आठवड्यात मी आईची लिपस्टिक लावून पाहिली होती. मी ती पुसली आणि पुस्तक कपाटाच्या मागे टाकून दिले. तिचा भाऊ एडमंडने एका मिठाईपायी सख्ख्या भावंडांचा विश्वासघात केला, तर त्याच्यासाठी देवाने प्राण दिला. सुझनने ओठ रंगवले, तर तिच्यासाठी कोणी मागे वळूनही पाहिले नाही.

रोखठोक

एका लिपस्टिकवरून सात पुस्तके फेटाळणे हा भावनिक अतिरेक आहे. शिवाय हा आक्षेप नवा नाही. कादंबरीकार फिलिप पुलमन यांनी १९९८ मध्येच तो घेतलेला आहे, आणि त्यांनाही लुईसशी आपले जुने वैर काढायचे होते.

पानगळ

क्षमा असावी, पण थोड्या वेळापूर्वी याच लेखकाला आपण पहारेकऱ्यांना चुकवून आत शिरणारा म्हणत होतात. मुलांच्या मनात चोरपावलांनी शिरलेले ख्रिस्ती तत्त्वज्ञान आपल्याला खटकते, पण मुलीच्या मनात शिरलेली लाज हा 'भावनिक अतिरेक'? आपला पहारा निवडक दिसतो.

तळटीप

दोघांनीही जरा सबुरीने घ्यावे. मजकुरातली एक गोष्ट नोंदवतो: लिपस्टिकचे ते वाक्य ॲस्लानच्या किंवा निवेदकाच्या तोंडी नाही, ते जिल या सवंगडी मुलीच्या तोंडी आहे, आणि सुझनने एकदाची खरोखर मोठी व्हावे अशी इच्छा तिथेच पॉली ही दुसरी सवंगडी बोलून दाखवते. शिवाय सुझन नरकात गेलेली नाही. बाकीचे ज्या रेल्वे-अपघातात मरून ॲस्लानच्या देशात, म्हणजे स्वर्गात, पोचले, त्यात ती नव्हती, म्हणून ती इंग्लंडमध्ये जिवंत आहे. लुईस यांनी १९५७ साली एका मुलाला पत्रातून कळवले होते, की तिला सुधारायला भरपूर वेळ आहे आणि कदाचित ती तिच्या स्वतःच्या वाटेने ॲस्लानच्या देशात पोचेलही.

पानगळ

जिवंत आहे, हे खरे. दोन भाऊ, एक बहीण, नात्यातला एक भाऊ, आई आणि वडील या सगळ्यांच्या शवपेट्या एकाच दिवशी पाहण्यासाठी ती जिवंत आहे. त्याबद्दल एक ओळ नाही. आणि दिलासा आहे तो एका खासगी पत्रात, जे पुस्तक वाचणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीच्या हाती कधी पडणार नव्हते. वाक्य जिलचे आहे, हेही मान्य. पण तिला कोणी अडवले? थोरला भाऊ पीटर विषय बदलतो, धाकटी बहीण ल्यूसी गप्प. ज्या लेखकाला उंदरांकडून दोऱ्या कुरतडून घेणे सुचते, त्याला एका बहिणीच्या तोंडी 'मला तिची आठवण येते' हे वाक्य घालणे सुचत नाही?

आणि आता मूळ विषयाकडे येते, कारण मी अवांतर लिहीत नव्हते. शिळामंचाची ती रात्र पुन्हा वाचा. मरायला निघालेला ॲस्लान दोघी मुलींना सांगतो, की माझ्या आयाळीत हात ठेवा, म्हणजे तुम्ही सोबत आहात हे मला जाणवेल. तो मेल्यावर त्याचे मुसके सुझन आणि ल्यूसीच काढतात. सकाळी तो उभा दिसतो, तेव्हा 'तू भूत तर नाहीस ना' हे विचारायला सुझनच्याच तोंडून शब्द फुटत नाही, आणि तो खाली वाकून तिचे कपाळ चाटतो. आडवाट यांनी प्रेताजवळच्या बायका ओळखल्या. मग त्या कोण हेही त्यांनीच सांगावे. थडग्यापाशी गेलेली, पुनरुत्थित ख्रिस्ताला पहिल्यांदा पाहिलेली मरीया मग्दालीया! त्या जागी लेखकाने जिला बसवले, तिलाच शेवटच्या पुस्तकातून वगळले. आपण ॲस्लानला ख्रिस्त मानले नाही, तर सुझन ही एक दुर्लक्षित बहीण ठरते. मानले, तर ती पुनरुत्थानाची साक्षीदार असूनही दाराबाहेर ठेवलेली स्त्री ठरते. तळटीप यांचे 'प्रतीक ओळखले नाही तरी वाचकाचे काही अडत नाही' हे विधान येथे टिकत नाही. माझा राग कशावर आहे, हे मला ते ओळखल्यावरच कळले.

आडवाट

हे मला दिसले नव्हते, आणि इतकी वर्षे मी 'ओळखले होते' म्हणून मिरवत होतो. एवढेच सुचवतो, की मग्दालीयाच्या शेजारी ख्रिस्ताचा शिष्य पेत्र यालाही ठेवून पाहावे. त्याने ख्रिस्ताला तीनदा नाकारले होते, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१व्या अध्यायात तळ्याकाठी, विस्तवावर भाजलेल्या माशांच्या न्याहारीनंतर, त्याला परत घेतले गेले. नार्नियाच्याच 'डॉन ट्रेडर' या भागाच्या अखेरीस एक शुभ्र कोकरू मुलांना माशांची न्याहारी देते आणि पाहता पाहता ॲस्लान होते, ते याच न्याहारीवरून आलेले आहे. नाकारणाऱ्याला परत घेण्याची गोष्ट लुईसना नीट ठाऊक होती.

पानगळ

ठाऊक असून ती सुझनसाठी वापरली नाही, हे अज्ञानापेक्षा वाईट आहे. तरीही न्याहारीचा मुद्दा चांगला आहे, हे मी नाइलाजाने मान्य करते.

रोखठोक

मीही नाइलाजाने एक मान्य करतो: 'भावनिक अतिरेक' हा शब्दप्रयोग चुकला. लुईसवरचा माझा आरोप कायम आहे. टोल्किनबाबत तळटीप यांना एवढेच विचारतो, की दया ही ख्रिस्ती धर्माची मक्तेदारी कधीपासून झाली?

तळटीप

झालेली नाही. १९५३चे ते पत्र नसते, तर त्या कड्यावर मी कॅथलिक असे काही वाचले असते का, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. पानगळ यांच्यापुढेही माझे 'काहीही अडत नाही' फक्त त्या कड्यापुरते मर्यादित करून घेतो, शिळामंचावर अडते.

मर्मभेदी

माझ्या लेखावर एवढा ऊहापोह होईल असे वाटले नव्हते. सर्व प्रतिसाद वाचले, आणि सुझनचे प्रकरण पुन्हा काढून पाहिले. माझ्या लेखात तिचा उल्लेख नाही, हे कबूल करतो. 'सर्वत्र' या शब्दाच्या जागी 'पुष्कळ ठिकाणी' असे वाचावे. बाकीचा लेख आहे तसाच राहील.

पानगळ

वाचकच नव्हे, हे वाक्यसुद्धा?

मर्मभेदी

ते काढतो.