आई आहे म्हणून विचारायचंच नाही का?

निळीशाई
काल इथे कुणीतरी लिहिलं, "आईचं प्रेम जास्त होऊच शकत नाही. चाळिशीत लहानपणाची उणीदुणी काढणाऱ्यांनी आता मोठं व्हावं." डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते. धाकटा झाल्यावर मला आजोळी ठेवलं. चौथीपर्यंत तिथेच. आई सणावाराला यायची, तेव्हाही भाऊ कडेवर. मी रडले की "तू समजूतदार आहेस ना?" पुढे मला नोकरी लागली आणि हीच आई माझा पगार, फोन, मैत्रिणी सगळ्यांवर हक्क सांगू लागली. लग्न ठरलं तर अंथरूण धरलं. आधी दुर्लक्ष, मग अतिमाया, असं कसं, असं लोक विचारतात. मला त्यात विसंगती दिसत नाही. दोन्ही वेळा मला काय हवंय हे कुणी विचारलंच नाही. आजही ताप आला तर मी घरात सांगत नाही. सांगितलं की कुणी येतं, ही सवयच नाही.

गिरणगावकर
ताई, वाईट वाटलं. पण सरसकट आयांना पिंजऱ्यात उभं करू नका. 1982च्या संपात वडिलांची गिरणी सुटली ती कायमची. आईने डबे करायला घेतले. पहाटेपासून स्टोव्ह पेटलेला. आमचा अभ्यास, आजारपण बघायला तिला वेळ कुठला? शेजारच्या काकूंकडे वाढलो. तिघांचंही काही बिघडलं नाही.

रानजाई
हे तुम्ही बाकी दोघांच्या वतीनेही बोलताय. त्यांना विचारलंत? रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूने 1966मध्ये गर्भपातावर बंदी आणली, अनाथालयं भरून गेली. 1989मध्ये त्याची सत्ता गेल्यावर तिथल्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. साधारण दोन वर्षांच्या आत ज्यांना पालक कुटुंब मिळालं ती बरीच सावरली, उशिरा गेलेली मागे राहिली. लहानपणी मायेचं माणूस नसणं मेंदूच्या वाढीत दिसतं.

गिरणगावकर
कुठे ती अनाथालयं, कुठे लालबागची चाळ! तिथे उचलून घेणारं माणूसच नव्हतं. आमच्याकडे अख्खा मजला होता. माझ्या आईला असल्या तुलनेत ओढू नका.

रानजाई
चाळीचं मान्य. काकू होत्या म्हणून तुम्ही तरलात. निळीशाईंना तेवढंही मिळालं नाही, एवढंच म्हणतेय.

नाशिकची सून
मुलाला धरून ठेवणाऱ्या आयांवर कुणी बोलणार का? आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून ह्यांचा डबा सासूबाईच भरणार, पगार त्यांच्याच हातात. वेगळं राहू म्हटलं की त्यांच्या छातीत दुखतं. आणि 2016मध्ये सर्वोच्च न्यायालयच म्हणालं की नवऱ्याला आईबापांपासून तोडणं ही क्रूरता!

काळाकोट
अर्धवट सांगू नका. त्या नरेंद्र विरुद्ध मीना खटल्यात बायकोने नवऱ्यावर मोलकरणीशी संबंधाचा निराधार आरोप केला होता, आत्महत्येचा प्रयत्नही केला होता. आणि सबळ कारण नसताना वेगळं राहण्याचा हट्ट ही क्रूरता, असं न्यायालयाने म्हटलंय.

नाशिकची सून
सबळ कारण ठरवणार कोण? रोज ताटावरून उठून जाणारी सासू कुठल्या कागदावर दाखवू? तुम्ही एक महिना आमच्या स्वयंपाकघरात राहून बघा.

काळाकोट
आवाज चढवून कायदा बदलत नाही. पण हो, घरातली घुसमट पुराव्यात बसवणं अवघड असतं, हे कोर्टात रोज बघतो.

एका मुलाची आई
तुम्ही ज्यांना नावं ठेवताय त्यातलीच मी. सासरी मला कुणी नावानेही हाक मारली नाही. नवरा कामापुरतं बोलायचा. मुलगा झाला तेव्हा पहिल्यांदा घरात माझं म्हणावं असं माणूस आलं. त्याला लग्नानंतर सोडून द्या म्हणता, आणि मी कुणाकडे बघू?

गिरणगावकर
याचं उत्तर द्या आता.

निळीशाई
देते. काकू, तुमच्यावर अन्याय झाला, तो तुमच्या नवऱ्याने आणि सासरच्यांनी केला. त्याची भरपाई मुलाने का करायची? तो पाळण्यात होता तेव्हापासून तुमचं एकटेपण सांभाळतोय. माझी आईही अशीच एकटी होती, हे मला कळतं. म्हणून तिचं औषधपाणी मी करते, रविवारी जाते. पण माझ्या घराची किल्ली तिला दिलेली नाही आणि देणार नाही.