कातडं राखायचं असेल तर कॅलिबर लहान की मोठं?

माळरान

कायोटीसाठी .२२-२५० घ्या, बाकी सगळी खेळणी, हे वाक्य शिकाऱ्यांच्या गप्पांत इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर लिहायलाच हवं. मला ते पटत नाही, आणि फर जपायची असेल तर अजिबात पटत नाही.

(आधी शब्दांचा खुलासा. कायोटी म्हणजे उत्तर अमेरिकेतला कोल्ह्यासारखा प्राणी. .२२-२५०, .१७, .२४३ ही रायफलच्या काडतुसांची नावं. त्यातला सुरुवातीचा आकडा म्हणजे साधारण गोळीची जाडी इंचात, तेच कॅलिबर. कोल्हा म्हटलं की मराठीत जॅकलही येतो आणि फॉक्सही. मी खाली फॉक्सला खोकड म्हणतोय.)

कातडं खराब होतं ते बहुतेक वेळा गोळी शिरताना नाही, बाहेर पडताना. म्हणून गोळी हलकी, वेगवान आणि पातळ कवचाची हवी. आत शिरावी, छातीतच फुटून भुगा व्हावी आणि बाहेर पडूच नये. .१७ रेमिंग्टन १९७१ साली आलं. त्याची गोळी २५ ग्रेनची, म्हणजे दीड ग्रॅमहून किंचित जास्त, आणि वेग सेकंदाला साधारण ४,००० फूट. २००४ साली .२०४ रुगर आलं. ३२ ग्रेन आणि ४,२२५ फूट. शिवाय धक्का इतका कमी की गोळी लागताना रायफलवरच्या दुर्बिणीतून स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

मागच्या हिवाळ्यात .१७ ने एक खोकड मारलं. सोलायला बसलो तर भोकच सापडेना. फुंकर मारून मारून केस बाजूला केले तेव्हा फऱ्यामागे मुगाएवढं छिद्र दिसलं. कातडं उलटं केल्यावर पलीकडच्या बरगड्यांवर तळहाताएवढं काळंनिळं, पण तिथे कातड्याला टाचणीएवढंही भोक नाही. ५५ ग्रेनची सॉफ्ट पॉइंट (मऊ टोकाची, लागल्यावर पसरणारी) गोळी .२२-२५० मधून मारली असती तर त्या बाजूला मूठ गेली असती.

जुनाबार

माळरान, खोकडापुरतं मान्य. पण खोकड पाच-सहा किलोचं, कायोटी पंधराच्या घरात जाते, कधी वीसच्या. दोघांना एकच माप लावू नका.

मी .२०४ दोन हंगाम वापरली. एक कायोटी भक्ष्याचा आवाज काढणाऱ्या शिट्टीवर धावत आली, तीस पावलांवर तिरकी उभी राहिली. गोळी थेट फऱ्याच्या हाडावर बसली आणि तिथेच फुटली. आत काही गेलंच नाही. कातड्याला बशीएवढा खड्डा, आणि जनावर तीन पायांवर पळालं. दोन तास माग काढल्यावर सापडलं, तेव्हाही जिवंत होतं. ते दृश्य मी विसरलेलो नाही, विसरायचंही नाही. फर गेली याचं दुःख नाही. त्या दोन तासांचं आहे.

त्यानंतर मी .२४३ विंचेस्टर घेतली, १०० ग्रेनची हरणासाठीची गोळी. ती कायोटीच्या अंगात फारशी पसरत नाही, आरपार जाते. भोकं दोन पडतात, पण दुसरं नाण्याएवढं. जनावर जागच्या जागी पडतं.

माळरान

जुनाबार, तुमचा प्रसंग खराच वाईट आहे, पण तो कॅलिबरचा दोष नाही, अंतराचा आहे. ३२ ग्रेनची गोळी नळीतून ४,२२५ ने निघते आणि २०० यार्डांवर ३,१०० च्या आसपास उरते. म्हणजे तीच गोळी तीस पावलांवर काचेसारखी फुटणार आणि दोनशेवर नीट आत जाणार. जवळचे शॉट असतील त्या रानात ४० ग्रेनची घ्यावी, वेग ३,९०० आणि वजन जास्त, हाडावर तितक्या लगेच फुटत नाही. आणि हाडावर मारूच नये. फऱ्याच्या मागे चार बोटं सोडून मारायचं.

जुनाबार

चार बोटं सोडून मारायचं हे कागदावर बरोबर. शिट्टीवर आलेली कायोटी चार बोटं मोजू देत नाही. ती चालत असते, वारा घ्यायला वळत असते. चूक झाली तरी जनावर पडेल अशी रायफल मला हवी. तुमची रायफल चूक झालीच नाही तर उत्तम. हा फरक लहान नाही.

हलकाहात

एवढं कशाला? .१७ एचएमआर घ्या, .१७ रेमिंग्टनपेक्षा बरंच लहान. स्वस्त काडतूस, आवाज कमी, भोक दिसत नाही.

जुनाबार

हलकाहात, कायोटीवर नको, कळकळीने सांगतो. १७ ग्रेनची ती गोळी २,५५० ने निघते, १०० यार्डांवर १,९०० उरते, २०० वर १,४०० च्याही खाली. खोकड जवळ असेल, वारा नसेल तर ठीक. कायोटीच्या बरगडीवर ती कधी कधी वरवरच फुटते.

सुईदोरा

मी शिकार करत नाही. तुम्ही मारलेली कातडी माझ्याकडे येतात, मी ती सोलतो, साफ करतो, ताणतो आणि शिवतो. त्यामुळे कुठलं काडतूस ते मला आधी सांगितलं नाही तरी आतल्या बाजूवरून बऱ्याचदा कळतं.

दोघेही भोकाच्या आकारावर भांडताय. माझ्यासाठी आकार दुसरा. पहिला प्रश्न, केस गेले का? गोल भोक मला दोन टोकांना किंचित कापून चातीसारखं लांबट करता येतं, मग मांसाच्या बाजूने बारीक टाके घालून बंद करता येतं. थंडीतलं दाट कातडं असेल तर बाहेरून बोट फिरवूनच शोधावं लागतं. रुपयाएवढं भोक असं सहज जिरतं. पण गोळी वरच फुटली की कडेचे केस मुळासकट उडतात, कातड्याच्या चिंध्या होतात. तिथे शिवायला काठच उरत नाही. जुनाबार म्हणतात तो बशीएवढा खड्डा मी .२०४ चाही पाहिलाय आणि .२२-२५० चाही.

दुसरा प्रश्न, भोक कुठे? पोटाकडे असेल तर फार बिघडत नाही. पाठीच्या मधोमध असेल तर सगळ्यांची नजर तिथेच जाते. म्हणून मला विचाराल तर जनावर समोरून येत असताना छातीच्या मधोमध मारावं. गोळीला अंगाची पूर्ण लांबी मिळते, ती बाहेर पडत नाही, आणि भोक पुढच्या बाजूला जातं जिथे सोलताना तसाही काप जवळ असतो. माझ्याकडे आलेली सगळ्यात सुंदर कायोटी .२२-२५० ची होती. समोरून मारलेली. एकच भोक.

आणि कृपा करून रक्त लगेच गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने ते केसांत बसतं ते बसतंच. जनावर गाडीत तसंच ठेवून रात्रभर झोपू नका, पोटाकडचे केस सुटायला लागतात. त्यापुढे कुठल्याच कॅलिबरला अर्थ नाही.

निशाचर

फुल मेटल जॅकेट, म्हणजे टोकापर्यंत धातूचं कवच असलेल्या गोळीबद्दल कुणीच बोललं नाही. .२२३ मधून मारली की पेन्सिलीएवढी दोन भोकं, बस्स.

जुनाबार

दोन भोकं आणि पळून गेलेलं जनावर. ती न पसरता निघून जाते, छातीत पुरेसं नुकसान करत नाही. मरायला वेळ लागतो. बऱ्याच ठिकाणी मोठ्या शिकारीला तिच्यावर बंदी आहे, तेही याच कारणाने. वर ती कधी कधी हाडावर आडवी होते आणि मग तुमची पेन्सिलही राहत नाही.

ओलीमाती

मला वेगळंच विचारायचंय. फर राखायची कुणासाठी? फरचे लिलाव करणाऱ्या नॉर्थ अमेरिकन फर ऑक्शन्सने २०१९ मध्ये देणेकऱ्यांपासून कोर्टाचं संरक्षण मागितलं. जॅकेटच्या हुडच्या कडेला कायोटीची फर लावणाऱ्या कॅनडा गूज कंपनीने २०२१ मध्ये फर बंद करत असल्याचं जाहीर केलं. कॅलिफोर्नियात नव्या फरच्या विक्रीवर कायद्याने बंदी आहे. जे विकलंच जाणार नाही त्यासाठी कमी ताकदीची गोळी घेऊन जनावर जखमी करण्याचा धोका का पत्करायचा? मेंढ्या वाचवायला कायोटी मारावी लागते हे मी समजू शकते. मग ती एका गोळीत मरावी, एवढाच एक निकष ठेवा.

माळरान

ओलीमाती, विक्री कमी झाली हे खरं. पण मी मारलेलं जनावर खड्ड्यात टाकून देणं माझ्या हातून होणार नाही. त्याचा जीव घेतला तर त्याचं कातडं तरी नीट राखावं, एवढं मी त्याला देणं लागतो. बाजारभाव शून्य झाला तरी हे बदलणार नाही.

जखमी होण्याचा मुद्दा मात्र मी टाळणार नाही. .१७ ला वारा फार ढकलतो, म्हणून वाऱ्याच्या दिवशी मी २०० यार्डांपुढे ती उचलत नाही. आणि जुनाबारांच्या गोष्टीनंतर एक ठरवलंय, तिरकं उभं असलेलं जनावर .१७ ने मारायचं नाही. वळेपर्यंत थांबायचं, नाही वळलं तर जाऊ द्यायचं. पण खोकडासाठी .२४३? ते मी आजही मान्य करणार नाही.

जुनाबार

खोकडासाठी मीही म्हटलं नव्हतं. कायोटीसाठी म्हणत होतो, आणि अजूनही म्हणतो. तिरकं जनावर सोडून द्यायचं ठरवलंत, तर .२०४ ला माझा निम्मा विरोध संपला. उरलेला निम्मा तीस पावलांवरच्या त्या कायोटीचा आहे, तो जाणार नाही.

सुईदोरा, समोरून मारलेल्या .२४३ च्या १०० ग्रेन गोळीचं कातडं तुमच्याकडे कधी आलंय का? माझी गोळी तिथून मागच्या मांडीतून निघते की आतच राहते, हे मला अजून कळलेलं नाही.

सुईदोरा

दोन आली होती. एकात आतच राहिली, दुसऱ्यात मांडीच्या आतल्या बाजूने निघाली. तिथे केस विरळच असतात, सहा टाक्यांत झालं.