हायड्रोजनच्या रेणूत मोजायचं काय उरलंय?
'दोन प्रोटॉन, दोन इलेक्ट्रॉन, यात आता मोजायचं काय राहिलंय?' हा वरचा प्रश्न रास्त आहे. पण याच रेणूने 1960 च्या दशकात दिग्गजांना बुचकळ्यात टाकलं होतं. कोवोस आणि वोल्निएविच या शास्त्रज्ञांनी गणिताने काढलेली विघटन ऊर्जा, म्हणजे रेणूचे दोन अणू सुटे करायला लागणारी ऊर्जा, वर्णपटतज्ज्ञ हर्झबर्ग यांच्या मोजणीपेक्षा जवळपास 4 प्रति सेंटिमीटरने (हे वर्णपटशास्त्रातलं ऊर्जेचं एकक) जास्त आली. त्यांच्या गणिताच्या पद्धतीत बंध प्रत्यक्षापेक्षा घट्ट येऊच शकत नाही, म्हणजे संशय मोजणीवरच! हर्झबर्गनी 1970 मध्ये पुन्हा मोजलं आणि आकडा गणिताच्या बाजूने सरकला. (कागदाने यंत्राला हरवल्याचे प्रसंग तसे विरळाच.)

खरी डोकेदुखी डॉप्लर परिणामाची, म्हणजे रेणूच्या वेगामुळे त्याला प्रकाशाची तरंगलांबी सरकलेली भासण्याची. हायड्रोजन इतका हलका, की साध्या खोलीतही त्याचे रेणू सेकंदाला दीड-दोन किलोमीटरने धावतात आणि वर्णरेषा (रेणू शोषतो त्या ठरावीक प्रकाशाची रेषा) पसरट होते. त्यावरची युक्ती मला फार आवडते: 202 नॅनोमीटरचे दोन लेझर झोत समोरासमोरून सोडायचे. रेणू प्रत्येकाकडून एकेक फोटॉन घेतो, एकाचं सरकणं दुसरा खोडून काढतो. 2009 मध्ये झुरिक आणि ॲमस्टरडॅमच्या गटांनी ही युक्ती वापरून विघटन ऊर्जा 36118.0696 प्रति सेंटिमीटर अशी काढली, अनिश्चितता 0.0004 च्या आत.

दूरच्या क्वेझारच्या (दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राच्या) प्रकाशात याच रेणूच्या रेषा दिसतात. प्रयोगशाळेतले आकडे त्यांच्याशेजारी ठेवले, की प्रोटॉन-इलेक्ट्रॉन वस्तुमानाचं गुणोत्तर अब्जावधी वर्षांत बदललं का, हे तपासता येतं. आतापर्यंत तरी बदल सापडलेला नाही.